बसलेलं ‘आहे’, उभं ‘आहे’

स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत: सेर आणि एस्तार. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे माणूसच कंटाळवाणा. ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे बिचारा सध्या कंटाळलाय. कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार, असं नवशिक्यांना सांगतात. नियम फसवा आहे. मेलेल्यालाही ‘एस्ता मुएर्तो’ असंच म्हणतात, आणि मरणाहून कायमचं ते काय? उलगडा व्युत्पत्तीत होतो. एस्तार आलं लॅटिन ‘स्तारे’वरून, म्हणजे उभं राहणं, आपल्या ‘स्थिती’तला ‘स्था’ धातू त्याचाच भाऊबंद. सेरमध्ये मात्र ‘एस्से’ (असणं) आणि ‘सेदेरे’ (बसणं) यांची सरमिसळ झाली. ‘संसदे’तला ‘सद्’ या सेदेरेचा सगोत्र. मरण ही स्थिती, म्हणून एस्तार. स्पॅनिश शिकणाऱ्यांनो, घड्याळ बघू नका, स्थिती विचारा.