दैनंदिन प्रवास, रत्नागिरी जिल्ह्यातील

शाळा, नोकरी, बाजार, दवाखाना अशा नेहमीच्या कामांसाठी होणारी ये-जा. तिचे साधन, वेळ आणि वारंवारता वस्तीच्या ठिकाणावर जितकी अवलंबून असते, तितकीच प्रवाशाचे वय, लिंग, मिळकत आणि घरातील जबाबदाऱ्यांवरही असते.

वस्ती : सह्याद्री व समुद्र यांमधील या चिंचोळ्या जिल्ह्याला वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या खाड्या आडव्या छेदतात. गाव एकगठ्ठा नसते. उतारांवर विखुरलेल्या वाड्या मिळून ते होते. त्यामुळे थांबा गाठण्यासाठी आधी पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरावी लागते, साकव (लहान पूल) ओलांडावा लागतो. मुसळधार पावसात हाच टप्पा सर्वांत अवघड ठरतो. खाडीपलीकडचे गाव नजरेच्या टप्प्यात असले तरी रस्त्याने लांबचा वळसा पडतो. दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ येथील फेरीबोटी वाहनांसह हा वळसा वाचवतात.

रत्नागिरी शहर : मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा हे बंदराकाठचे जुने भाग दाट वस्तीचे असून बाजारपेठेला जवळ आहेत, तिथली बरीच कामे पायी उरकतात. माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप या बाजूने शहर माळावर पसरत गेले. मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत आणि कुवारबावकडील कोकण रेल्वेचे स्थानक जुन्या पेठेपासून दूर आहेत. या भागात दुचाकी, रिक्षा किंवा एस.टी.चीच शहर बस लागते.

व्यक्तिगत परिस्थिती : एकाच वाडीतील माणसांचा प्रवासही सारखा नसतो. दुचाकी असलेला कामगार पाळीच्या वेळेनुसार निघतो. महाविद्यालयीन मुलीला मात्र रात्री गावात मुक्कामी राहून सकाळी परत निघणारी एस.टी., म्हणजे वस्तीची गाडी, धरावी लागते आणि परतीच्या शेवटच्या फेरीआधी सगळे आटपावे लागते. मासे विकणाऱ्या बाईची वेळ बंदरावरील लिलाव ठरवतो आणि पाटीमुळे साधनाची निवडही आखडते. 1 जून ते 31 जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीकाळात तिची ही ये-जा बदलते.

मुंबईला नोकरीसाठी जाण्याच्या जुन्या प्रथेचाही यात वाटा आहे. पुरुष बाहेरगावी गेल्याने 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष मुंबईत असलेल्या घरात बँक, रेशन, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांचा दवाखाना या साऱ्या फेऱ्या बहुधा घरच्या बाईवर येतात. एका कामासाठी गाडीभाडे परवडत नाही म्हणून ती चार कामे एकाच फेरीत उरकते.

सवलती व फेऱ्या : एस.टी.त 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च 2023 पासून निम्मे भाडे आहे. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो. मात्र सवलतीने फक्त भाड्याची अडचण सुटते. दुपारची फेरी नसलेल्या वाडीत सवलतधारकालाही रिक्षाच करावी लागते. 2021-22 मधील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात स्वतःचे वाहन असलेले आणि नसलेले यांच्यातील ही दरी उघड झाली.

अभ्यासाची दृष्टी : स्वीडिश भूगोलज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड यांनी 1970 मध्ये माणसाच्या हालचालीवरील बंधनांची मांडणी केली : शरीराची व साधनांची मर्यादा, इतरांच्या वेळेशी घालावा लागणारा मेळ आणि नियमांची वा अधिकाराची चौकट. वस्तीची गाडी आणि लिलावाची वेळ ही यांपैकी दुसऱ्या बंधनाची उदाहरणे होत. पाश्चात्त्य शहरांच्या अभ्यासात आणखी एक प्रश्न येतो : वस्तीमुळे प्रवास बदलतो, की आपल्या सवयीला साजेशी वस्ती माणूस निवडतो? कोकणात घर बहुधा वडिलोपार्जित असल्याने अशी निवड थोड्यांनाच करता येते. शहरालगतच्या नाचणे, कुवारबाव येथे सदनिका घेणारे नोकरदार ती करतात. बाकीच्यांना घर हलवता येत नाही, तेव्हा घरातील एखादा माणूस हलतो : मुलगी शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहते, मुलगा मुंबई गाठतो. रोजच्या प्रवासाच्या मोजणीत असे स्थलांतर धरले जात नाही. त्यामुळे वाहतुकीची गरज प्रत्यक्षाहून कमी दिसते.