हादऱ्याचे गणित

एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून आपण कधी घाट उतरला असाल, तर हादरा म्हणजे काय हे मी सांगायला नको. पुढचे चाक खड्ड्यात जाते, गाडी नाक खाली करते. ते वर येते न येते तोच मागचे चाक त्याच खड्ड्यात! आपण बाकावरून उडतो. या उड्यांचा हिशेब मांडायचा कसा?

इंग्रज इंजिनियर मॉरिस ऑली १९३० साली रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे आले. त्यांनी एका कॅडिलॅकला पुढेमागे वजने लावली, ती सरकवून पाहिली, स्प्रिंगा बदलल्या. मोजमापाचे यंत्र कोणते? तर गाडीत बसणाऱ्याची पाठ! निष्कर्ष निघाला तो असा की, मागच्यापेक्षा पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्यात. मागचा भाग हादरा उशिरा खातो खरा, पण भरभर झुलून पुढच्याला गाठतो. मग गाडी डुलत नाही, सरळ वरखाली होते.

पण वळणावर, तेही वेगात, पाठ काय सांगणार? तिथे चूक झाली तर माणूस उरत नाही. म्हणून बफलो येथील कॉर्नेल विमान प्रयोगशाळेतील मंडळींनी विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीला लावले. लेनर्ड सेगल यांचा त्यावरचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला.

पुढचे काम हाताने होण्यासारखे नव्हते. क्षणाच्या बारीक बारीक अंशाला प्रत्येक चाक, स्प्रिंग, टायर यांवरचा जोर नव्याने काढायचा. तयार प्रोग्राम बाजारात कुठून मिळणार? तेव्हा त्याच प्रयोगशाळेत रेमंड मॅकहेन्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात तो स्वतःच रचला. रस्ता सोडून उतारावर वा कठड्यावर गेलेल्या गाडीचे काय होते, हे गणकयंत्राकडून काढून घेणे हा त्याचा हेतू. आणि आकड्यांवर भिस्त न ठेवता त्यांनी खऱ्या गाड्या चालवून, आपटवून उत्तरे ताडून पाहिली.

गंमत पुढेच आहे. याच प्रोग्रामने एका कसरतीची मापे काढली. गाडीने तिरप्या उतरंडीवरून उडायचे, हवेत एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि चाकांवर उतरायचे! १९७२च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे १९७४च्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी थायलंडमध्ये तीच उडी पहिल्याच प्रयत्नात साधली.

टाळ्या उडीला पडल्या. खरे मोल मात्र त्या आधीच्या कंटाळवाण्या ताडून पाहण्याला आहे. चालकाने जीव टाकला तो नशिबावर नव्हे, पडताळलेल्या गणितावर. यापुढे गाडी खड्ड्यातून जाताना आपण कमी उडालात, तर ऑलींच्या त्या सरकत्या वजनांची आठवण ठेवा.