असल पत्र आणि तिसरा वाचक

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्याच शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तेव्हापासून राजवाड्यांनी एक भूमिका हिरिरीने मांडली: बखर ही मागाहून, ऐकीव माहितीवर आणि कोणाच्या तरी मर्जीसाठी रचलेली असते, असल पत्र घटनेच्या वेळी, घटनेच्या जवळ असलेल्या माणसाने लिहिलेले असते, म्हणून पुराव्यात पत्राचा मान पहिला. मराठी इतिहासलेखनाला या भूमिकेने शिस्त लावली, यात शंका नाही. तथापि तिच्या पोटात एक गृहीतक आहे. पत्र लिहिणारा आणि ज्याला पत्र जाते तो, या दोघांतच पत्राचा अर्थ पुरा होतो, हे ते गृहीतक. दोघांच्या मध्ये लखोटा फोडणारा तिसरा वाचक उभा असेल आणि तो उभा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेल, तर असल पत्राच्या असलपणाचे काय होते?

हा प्रश्न कसोटीला लावण्यास सोव्हिएत संगीतरचनाकार दमित्री शोस्ताकोविच यांच्याइतके योग्य उदाहरण विसाव्या शतकात क्वचितच सापडेल. २८ जानेवारी १९३६ रोजी ‘प्राव्दा’ने त्यांच्या ‘लेडी मॅक्बेथ’ या संगीतिकेवर निनावी अग्रलेखातून हल्ला चढविला; फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाच्या ठरावाने त्यांच्यावर पुन्हा ठपका ठेवला. मधल्या काळात त्यांचे आप्त आणि स्नेही तुरुंगात गेले, काही परतले नाहीत. जाहीर भाषणे त्यांनी दुसऱ्यांनी लिहून दिलेली वाचली, लेखांवर सह्या केल्या. मग त्यांचे स्वतःचे म्हणणे कोठे शोधावयाचे?

प्रथम हाती आली ती बखरच. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९७९ मध्ये सोलोमन वोल्कोव यांनी त्यांच्या आठवणी म्हणून ‘टेस्टिमनी’ प्रसिद्ध केले. या पुस्तकातला शोस्ताकोविच राजवटीचा उघड द्वेष्टा आहे. पाश्चात्त्य वाचकांना तो आवडला. आवडण्याजोगाच तो रंगविला होता. १९८० मध्ये लॉरेल फे यांनी दाखवून दिले, की त्यातील कित्येक उतारे आधी छापून आलेल्या निरुपद्रवी लेखांशी जुळतात. राजवाड्यांच्या शिष्याला हे ऐकून नवल वाटू नये. पुढे १९९३ मध्ये लेनिनग्राडचे नाट्यसमीक्षक इसाक ग्लिकमन यांनी, १९४१ पासून शोस्ताकोविच यांनी आपल्याला लिहिलेली सुमारे तीनशे पत्रे टिपणांसह प्रसिद्ध केली. आता असल कागद सापडले आणि वाद मिटला, असे वाटावयास हरकत नव्हती.

परंतु २९ डिसेंबर १९५७ चे पत्र पाहावे. शोस्ताकोविच ओडेसात आहेत. सोव्हिएत युक्रेनचा चाळिसावा वर्धापनदिन चालू आहे. रस्तोरस्ती मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन यांच्या तसबिरी लागल्या आहेत असे ते कळवितात आणि त्यापुढे ब्रेझ्नेव, बुल्गानिन, वोरोशिलोव, मिकोयान, सुस्लोव, ख्रुश्चोव अशी वीसहून अधिक पुढाऱ्यांची नावे आद्याक्षरांसह लिहितात. काही ओळींनंतर लोक कोणाचा जयजयकार करीत आहेत हे सांगताना तीच यादी, तशीच सबंध, पुन्हा येते. टीकेचा एक शब्द नाही. केवळ विधान म्हणून वाचणाऱ्याला हे एका निष्ठावंत नागरिकाचे पत्र आहे. उपरोध आहे तो सगळा पुनरुक्तीत, आणि पुनरुक्ती हा पुरावा नव्हे. ती शैली आहे.

येथे सांकेतिक लेखन आणि उपरोध यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पानिपतानंतरचे, ग्रँट डफने नोंदविलेले सावकारी पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात तेथे मनुष्यहानीची वार्ता लपविलेली होती. किल्ली हाती आली की असे पत्र सुटते. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चेही तसेच झाले. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांना कळले तसे सरकारलाही कळले आणि १९१० मध्ये प्रयोगांवर बंदी आली. रूपक उलगडते, म्हणूनच ते पकडले जाते. ओडेसाच्या पत्रात उलगडण्यासारखे काही नाही. यादी सरकारचीच आहे, क्रमही सरकारी वृत्तपत्राचा शोभावा असा. ती दोनदा लिहिणे हा गुन्हा ठरवावयाचा, तर एकदा लिहिण्यातही काही हास्यास्पद आहे हे तिसऱ्या वाचकाला आधी कबूल करावे लागेल.

सारी पत्रे अशी नाहीत. १९ जुलै १९६० च्या पत्रात पडदा बराच दूर झालेला दिसतो. पक्षाचे सदस्यत्व घेण्यासाठी त्या उन्हाळ्यात त्यांच्यावर दडपण आले होते. ड्रेस्डेनजवळ गोरिश येथे एका चित्रपटाच्या संगीतासाठी गेले असता १२ ते १४ जुलै या तीन दिवसांत त्यांनी आठवे चतुष्तंत्री वाद्यवृंदन, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहून काढले. आपल्या मृत्यूनंतर आपल्या स्मरणार्थ कोणी काही रचील असे वाटत नाही, म्हणून आपणच ते करून ठेवले, असे ते मित्राला सांगतात. रचनेचा मुख्य स्वरबंध त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचा आहे. त्यांच्या जुन्या कृतींची अवतरणे आहेत, आणि कैदेत खितपत मेलेल्या क्रांतिकारकाचे एक रशियन गीतही. छापील अर्पण मात्र फॅसिझमच्या आणि युद्धाच्या बळींना. हे पत्र सापडल्यावर ‘खरा’ अर्थ गवसला अशी घाई अनेकांनी केली. पण त्याच पत्रात ते आपल्या रचनेला खोट्या शोकात्मिकेत काढतात, आपल्या अश्रूंची बिअरच्या परिणामाशी असभ्य तुलना करतात. जिव्हाळ्याच्या मित्रापुढेही माणूस मुखवटा चढवितो. तिसरा वाचक काही काळाने मनातच मुक्कामाला येतो. शिवाय छापील अर्पण खोटे ठरविण्याचेही कारण नाही. त्या बळींत रचनाकार स्वतःला मोजतो, इतकेच.

राहता राहिली ग्लिकमन यांची टिपणे. कोणते वाक्य थट्टेचे, कोणत्या ओळीमागे कोणती भेट, सदस्यत्वाच्या वेळी मित्र कसा रडला, हे सारे वाचकाला त्या टिपणांतून कळते. ती काही दशकांनंतर, स्मरणावर भिस्त ठेवून, मित्राविषयीच्या अभिमानाने लिहिलेली आहेत. राजवाड्यांच्या वर्गीकरणात त्यांची जागा बखरीच्या बाजूला लागते. म्हणजे ज्या असल पत्रांनी वोल्कोव यांची बखर मागे सारावयाची, ती पत्रे वाचावयास दुसरी एक बखर लागते. दोन्हींना एकच तराजू लावणे अन्यायाचे होईल. ग्लिकमन मूळ पत्र छापतात आणि टिपण त्याखाली वेगळे ठेवतात, त्यामुळे त्यांचे न पटणाऱ्या वाचकाला निदान मूळ ओळ पाहता येते. वोल्कोव यांच्या पुस्तकात ही सोय नाही. तरीही पत्रव्यवहाराची एकच बाजू हाती आहे. ‘मित्रास पत्रे’ अशा अर्थाचे मूळ रशियन शीर्षकच ते सांगते. ओडेसाची ती दुहेरी यादी वाचून ग्लिकमन यांनी उलट टपाली काय लिहिले, हे त्या पुस्तकात नाही.