टेलव्हील विमान उतरवताना : प्रस्तावना

जुन्या छोट्या विमानांच्या अभ्यासाकडे वळणारा वाचक बहुधा एक प्रश्न सोबत घेऊनच येतो : थ्री-पॉइंट लँडिंग चांगले की व्हील लँडिंग? वैमानिकांच्या बैठकीत हा वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे. त्यात उतरण्याआधी विमानाचे वजन चाकांच्या पुढे आहे की मागे, हे पाहावे असे मी सुचवेन. ते एकदा नीट समजले की दोन्ही पद्धती एकाच अडचणीवरचे दोन उपाय वाटू लागतात आणि वादातली निम्मी धग निघून जाते.

आजच्या बहुतेक प्रशिक्षण विमानांना नाकाखाली चाक असते आणि दोन मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असतात. टेलव्हील विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात आणि एक छोटे चाक शेपटीखाली. विमान जमिनीला टेकताना नाक जरा तिरके असले किंवा विमान आडवे सरकत असले, तर चाकांचे घर्षण पुढून मागे खेचते आणि मागचे वजन पुढे जाऊ पाहते. पिसे पुढच्या टोकाला लावून सोडलेला बाण जसा उलटा फिरतो, तसे विमान स्वतःभोवती गिरकी घेते. हाच ग्राउंड लूप. नाकाखाली चाक असलेले विमान हीच तिरकी चूक स्वतः सरळ करून घेते. टेलव्हील विमान ती वाढवत नेते. त्यामुळे वैमानिकाच्या पायांना रडरवर (शेपटीच्या उभ्या सुकाणूवर) सतत छोट्या, चटकन दिलेल्या आणि चटकन सोडलेल्या दाबांनी काम करत राहावे लागते. वेग जसा उतरतो तसा रडरवरचा वारा कमी होऊन त्याची ताकद घटते. म्हणूनच खरा धोका अनेकदा टेकल्यानंतर, सगळे पार पडले असे वाटू लागते त्या संथ टप्प्यात असतो.

मग अशी विमाने बनवली तरी का? जुन्या विमानतळांकडे पाहिले की याचा उलगडा होतो. डी हॅव्हिलंडचे टायगर मॉथ 1931 मध्ये पहिल्यांदा उडाले, तेव्हा विमानतळ म्हणजे बहुतेक ठिकाणी मोठे गवताळ मैदान असे. वारा ज्या दिशेने येई तिकडे तोंड करून उतरायचे, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न क्वचितच पडे. गवतावर चाक थोडे बाजूला सरकू शकते, म्हणजे लहानसहान तिरकेपणा माफ होतो. मूळच्या टायगर मॉथला ब्रेक नव्हते आणि शेपटीला चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारी पट्टी होती. गवतावर तेवढे पुरे होई. शेपटीखालची पट्टी किंवा छोटे चाक वजनाला हलके, नाक उंच राहिल्याने पंखा जमिनीपासून सुरक्षित. त्या मैदानांसाठी ही रचना अगदी योग्य होती. पुढे अरुंद, डांबरी, एकाच दिशेच्या धावपट्ट्या आल्या आणि तीच रचना अवघड ठरली. सेस्नाने 1956 मध्ये आपल्या 170 या टेलव्हील विमानाला नाकचाक देऊन 172 बाजारात आणले, आणि पुढच्या बऱ्याच वैमानिकांचे पाय निवांत झाले. अमेरिकेत आज टेलव्हील विमान प्रमुख वैमानिक म्हणून चालवण्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी मान्यता लागते. 15 एप्रिल 1991 पूर्वी तसा अनुभव नोंदवलेल्यांना त्यातून सूट आहे. त्या नियमात साधे व आडव्या वाऱ्यातले उड्डाण-अवतरण, व्हील लँडिंग आणि अवतरण सोडून पुन्हा वर जाणे, या सगळ्यांची नावे घेतलेली आहेत. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

आता त्या दोन पद्धतींकडे. थ्री-पॉइंटमध्ये विमान जमिनीच्या अगदी जवळ आणून स्टिक (हातातला नियंत्रणदांडा) हळूहळू मागे घेत राहायचे, उचल संपत येईपर्यंत विमानाला टेकू द्यायचे नाही, आणि स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल ढासळण्याच्या, उंबरठ्यावर तिन्ही चाके एकदम खाली. फायदा वेगाचा आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दहा टक्के जास्त वेगाने टेकलात तर सुमारे एकवीस टक्के जास्त ऊर्जा जमिनीवर जिरवावी लागते. शेपटीचे चाकही पहिल्या क्षणापासून जमिनीवर दाबलेले असते. शेपूट किंचित आधी टेकली तरी फारसे बिघडत नाही, कारण मग नाक खाली येते, पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन कमी होतो आणि विमान जमिनीवरच राहते. मुख्य चाके आधी आपटली तर मात्र मागचे वजन शेपटीला खाली ओढते, कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उसळते. अशा वेळी त्या उसळीमागे धावत स्टिक पुढे-मागे करण्यापेक्षा इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन वर निघून जावे.

व्हील लँडिंगमध्ये हीच उसळी मुळातून टाळली जाते. विमान थोड्या जास्त वेगाने, जवळजवळ आडवे ठेवून, मुख्य चाकांवर अलगद टेकवायचे आणि त्याच क्षणी स्टिक किंचित पुढे. जमिनीजवळ असताना स्टिक पुढे करणे शिकाऊ माणसाच्या सहजप्रवृत्तीला पटत नाही. नेमके हेच शिकवायला सर्वांत जास्त वेळ जातो. समोरची धावपट्टी दिसते आणि रडरवर भरपूर वारा असतो, म्हणून झुळकांच्या दिवशी बरेच जण ही रीत पसंत करतात. पण पुढे कधीतरी शेपूट खाली येतेच, आणि त्या बदलाच्या क्षणी रडर सुस्तावलेला असतो. सुरुवात थ्री-पॉइंटने करावी, असे माझे ठाम मत आहे. व्हील लँडिंग त्यानंतर लवकर येते.

आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख खाली, विरुद्ध पायाने नाक सरळ, आणि वाऱ्याकडचे चाक आधी टेकवायचे. वेग उतरेल तसे एलेरॉन (पंखांच्या कडेचे हलते पट्टे) वाऱ्याच्या दिशेने वाढवत न्यायचे. याच कौशल्यातून फ्लॅप नसलेल्या टायगर मॉथ आणि पायपर कबला उंची लवकर सोडायला साइडस्लिप करता येते, म्हणजे मुद्दाम तिरके घसरत खाली येता येते.

मराठी वाचकाने या परंपरेत एक नाव आवर्जून ओळखावे : डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला वायुगतिकीशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला. ते 1951 मध्ये उडाले आणि टेलव्हीलचेच होते. पुढे त्याच कारखान्यातले उंच पंखाचे, कापडाने मढवलेले पुष्पक आले, तेही टेलव्हीलचे. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत अनेकांचे पहिले उड्डाण त्यातच झाले. म्हणजे पायांची ही विद्या आपल्याकडे परकी कधीच नव्हती.

वाचनाचे म्हणाल तर वुल्फगँग लँगेविशे यांचे 1944 चे ‘स्टिक अँड रडर’ अजूनही पहिले पुस्तक. पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन समजला की उड्डाण समजते, हे त्यांचे सूत्र अवतरणाला इतर कशाहीपेक्षा जास्त लागू पडते. त्याच्या जोडीला विमानाचे मूळ हस्तपुस्तक वाचावे, कारण प्रत्येक विमानाची खोड वेगळी. कब एकट्याने उडवताना मागच्या आसनावरून उडवतात, आणि तिथून समोरचे फारच थोडे दिसते. ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिथे बसून पाहणे वेगळे.

म्हणून पहिला धडा जमिनीवरच करावा. उभ्या विमानात आपल्या आसनावर बसावे, हात मांडीवर ठेवावेत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी क्षितिज कुठे कापले जाते ते टक लावून पाहावे. टेलव्हील विमान जमिनीवर ज्या ढबीत उभे असते, थ्री-पॉइंट अवतरणात त्याला नेमके त्याच ढबीत आणायचे असते. ते चित्र डोळे मिटूनही आठवू लागले की प्रशिक्षकासोबत गवताच्या मैदानावर, समोरून येणाऱ्या मंद वाऱ्यात सुरुवात करावी. डांबर आणि आडवा वारा त्यानंतर.