दोन ठिपक्यांच्या मधे

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तू या दिवाळीला येतेस, मग एकदम पुढच्या दिवाळीला. मधे माझं काय चाललेलं असतं, तुला काय ठाऊक!" गमतीतच म्हणाले, पण लागलं. आणि मला आठवला ज्याँ पेराँ. (माझं डोकं कुठून कुठे जाईल याचा नेम नाही, हे घरच्यांना ठाऊकच आहे.)

तर गोष्ट अशी. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतले अतिसूक्ष्म कण पाण्यात थरथरताना पाहिले. आधी वाटलं, जिवंत असतील. पण गडी चिकट! त्याने काच, खनिजं, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडासुद्धा कुटून पाण्यात टाकला. तेही थरथरलं. मग यांना हलवतंय कोण?

उत्तर यायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणित मांडलं: पाण्याचे रेणू सगळीकडून धक्के देतात, आणि एक मायक्रॉनचा कण त्यामुळे मिनिटाभरात साधारण सहा मायक्रॉन सरकायला हवा. तेव्हा ऑस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखे दिग्गज अणू खरोखर असतात हेच मानत नव्हते. अणूंच्या बाजूने आयुष्यभर भांडलेला बोल्ट्झमन १९०६ मध्ये गेला. निर्णायक पुरावा त्याने पाहिलाच नाही.

तो पुरावा १९०८ पासून पॅरिसमध्ये पेराँने जमवला. त्यासाठी वापरला गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक, आपल्या कोकमाच्या नात्यातल्या झाडाचा! त्याचे एकसारखे बारीक गोळे वेगळे काढून, सूक्ष्मदर्शकाखाली दर तीस सेकंदांनी एकेकाची जागा टिपली आणि ठिपके सरळ रेघांनी जोडले. आकडे आइन्स्टाइनच्या गणिताशी जुळले. ऑस्टवाल्डने हार मानली, माख काही बधला नाही. १९२६ मध्ये पेराँला नोबेल मिळालं.

मला आवडते ती त्याची पुढची कबुली. या रेघा म्हणजे कणाचा खरा मार्ग नव्हे, असं तो स्वतःच सांगतो. शंभरपट वेळा पाहिलं असतं, तर प्रत्येक रेघेच्या जागी तितकीच वेडीवाकडी नक्षी निघाली असती.

ती मधली फट आता बुजते आहे. दूध, रंग, पेशीतला प्रथिनांचा दाट रस्सा अशा द्रवांत साधा प्रकाश कणाकणावर आपटून भरकटतो, आणि त्याला नॅनोमीटरचं बारीक दिसतही नाही. तिथे क्ष-किरणांचा लेसर लागतो. हँबर्गला सुरू होऊन शेनेफेल्डपर्यंत जाणारं, ३.४ किलोमीटर लांबीचं युरोपियन एक्सफेल हे यंत्र २०१७ पासून चालू आहे. सेकंदाला दहा झुबके, एका झुबक्यात २७०० पर्यंत स्पंदनं, दोन स्पंदनांत जेमतेम २२२ नॅनोसेकंद! पेराँच्या तीस सेकंदांपेक्षा तेरा कोटी पटींहून कमी. इथे एकेका कणाचा पाठलाग करत नाहीत. विखुरलेल्या किरणांची ठिपक्याठिपक्यांची रांगोळी टिपतात. कण हलले की रांगोळी बदलते, आणि ती किती लवकर बदलते त्यावरून कणांची गती कळते. २०२२ मध्ये अशाच पद्धतीने द्रावणातल्या अँटीबॉडीची हालचाल मोजल्याचं प्रसिद्ध झालं.

पण यात एक गोम आहे. प्रत्येक स्पंदन नमुन्याला थोडं तापवतं. फार जोरात पाहिलं तर कण आपल्या पाहण्यामुळेच जास्त पळायला लागतात, प्रथिनं एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. म्हणून किरण बेताचे ठेवायचे आणि नमुना सतत नवा पुढे सरकवायचा.

बाबांना दर दिवाळीला एकदा बघून मी सरळ रेघ मारत आले: "बाबांचं बरं चाललंय." त्या रेघेत त्यांचा गुडघा नव्हता, आई गेल्यानंतरच्या संध्याकाळी नव्हत्या. म्हणून गेल्या आठवड्यापासून रोज फोन करायला लागले. चौथ्याच दिवशी तापले, "अगं, रोज काय चौकशी? मी काय आजारी आहे?"

असो. आता दर रविवारी करते. आणि "बरं आहे" म्हणाले तरी फोन लगेच ठेवत नाही.