खानदेशातली गाय कडबा का टाकते?

आज खानदेशातल्या कापसाची गोष्ट, पण गाईच्या बाजूने.

पारोळ्याकडे आमच्या आजीची एक गाय होती. होळीनंतर तिचं दूध आटायचं. गव्हाण कडब्याने भरलेली, तरी निम्मा तसाच टाकायची. आजी म्हणायची, "लाडावलीय."

खरं कारण मला फार उशिरा कळलं. चारा पचवतात ते गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव, आणि त्यांना प्रथिनं लागतात. ती चाऱ्यात साधारण 7 टक्क्यांखाली गेली की पचन मंदावतं. पोट रिकामंच होत नाही, मग ती खाणार कशी? ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. पावसाळ्यातलं कोवळं मारवेल, पवन्या यापेक्षा कितीतरी सरस. पण दिवाळीनंतर वाळलं की तेही कडब्याच्याच रांगेत.

म्हणून कळप हिरव्यामागे फिरवावा लागतो. तापीखोऱ्यातल्या खिल्लार गुरांना थिल्लारी म्हणतात, ती अशा फिरत्या कळपांतलीच. (दूध बेताचंच हं, नाव बैलांचं!) त्यांना जागाही होती. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ. गावंच्या गावं उठली. 1818 मध्ये इंग्रज आले तेव्हा कितीतरी जमीन पडीक होती. माणसाची दैना, गुरांचं कुरण.

मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्याच दशकात जळगाव-भुसावळला रेल्वे आली. काळ्या जमिनीत कापूस वाढत गेला, पडीक नांगराखाली गेलं. वर 1878 चा वन कायदा. राखीव जंगलात चराई आता परवानगीने. खाली नांगर, वर सातपुड्यात वनरक्षक. गाय दावणीला आली.

गंमत म्हणजे, कापसाने नेलेलं कापसातच परत मिळतं. सरकीच्या पेंडीत प्रथिनं 20 टक्क्यांच्या वर. दिवसाला किलो-दीड किलो दिली, की तीच गाय तोच कडबा जास्त खाते. पण आपण कापूस विकतो सरकीसकट, आणि पेंड आणतो पोत्याच्या भावाने. हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

आमच्याकडेही पेंडीचं पोतं यायचं. पण ते बैलांसाठी असायचं. पेरणीआधी त्यांच्या अंगात जोर हवा ना. गाईपुढे कडबाच.