पाटी, पेंटर आणि 'सीडीआर आहे का?'

२५ सप्टेंबर २०२३. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना सुनावलं, दोन महिन्यांत मराठी पाट्या लावा. टीव्हीवर भाषेवरून रणधुमाळी. इकडे रत्नागिरीत फ्लेक्सच्या दुकानात प्रश्न एकच: "सीडीआर आहे का?"

बहुतेकांकडे नव्हती. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो, मोबाईलवर झकास. आता हिशेब करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलवर येतो. तो २० फुटी, म्हणजे २४० इंची फ्लेक्सवर ताणला की इंचाला सात ठिपकेही येत नाहीत. अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या होणारच. दोष मशीनचा नाही.

ही अडचण आपल्या आधीच्या पिढीला माहीतच नव्हती, कारण तेव्हा अक्षर जिथे लागायचं तिथेच, त्याच मापाचं काढलं जायचं. पेंटर कागदावर छोटं चित्र काढून त्यावर चौकटी आखायचा, तेवढ्याच मोठ्या चौकटी भिंतीवर. गेरूत बुडवलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ. मग एकेक चौकट भरत जायची. मुंबईत उमेदीच्या काळात एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. कोल्हापूरच्या बाबूराव मिस्त्रींचं तर आडनावच 'पेंटर' होऊन गेलं. आपल्या गावातल्या पेंटरांची नावं मात्र पाटीच्या खालच्या कोपऱ्यात राहिली आणि पाटीबरोबरच गेली.

पण खरा लोगो बघायचा असेल तर आंब्याची जुनी लाकडी पेटी आठवा. पेटी आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि पुढे वाशीला जायची. हजारो पेट्यांच्या थप्पीत आपला माल ओळखू यावा म्हणून बागायतदार पत्र्यात नाव कापून घ्यायचा. पत्रा पेटीवर धरायचा, काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, झालं. त्यात एक गंमत होती. 'क' किंवा 'व' चं पोट पूर्ण कापलं तर मधला तुकडा गळून पडतो, म्हणून बारीक पट्टी ठेवावी लागायची. त्यामुळे अक्षर तुटक दिसायचं, पण लांबून वाचता यायचं. रंग एकच. आणि तो पत्रा मालकाच्या पडवीत खिळ्याला! पुढच्या हंगामात पुन्हा काढायचा. मूळ प्रत मालकाच्या घरात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग संगणक आला. १९८९ मध्ये कॅनडात कोरलड्रॉ निघालं आणि पुढे आपल्याकडच्या बहुतेक फ्लेक्सवाल्यांचं तेच हत्यार झालं. त्यातल्या फाईलचं नाव सीडीआर. त्यात चित्र ठिपक्यांचं नसतं, रेषांच्या गणिताचं असतं. व्हिजिटिंग कार्डावर घ्या नाहीतर चौकातल्या होर्डिंगवर, कड तशीच धारदार. चौकटी आखणाऱ्या पेंटरचंच डोकं म्हणा ना! फरक एवढाच की ही फाईल डिझायनरच्या कॉम्प्युटरवर राहते. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला किंवा त्याची हार्डडिस्क उडाली की दुकानाचं तोंडच हरवतं.

मराठीची आणखी एक गोची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाईप केलेलं नाव दुसऱ्या मशीनवर उघडलं तर भलतीच चिन्हं येतात. म्हणून "कर्व्ह करून द्या" म्हणतात, म्हणजे अक्षराचं चित्र करून टाका. रंगाचंही तेच. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई चार शाईंनी होते. स्क्रीनवरचा लखलखीत केशरी हापूस फ्लेक्सवर मळकट उतरतो. आधी फूटभर तुकडा छापून बघा, मग भांडा.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती झाली. देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. ही अट मला मान्य आहे. पण लोगो मुळात इंग्रजीत काढलेला, त्याखाली मराठी नाव मिळेल त्या फॉण्टमध्ये चिकटवलेलं. कमल शेडगे नाटकाच्या जाहिरातीत प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर द्यायचे. आपल्या बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या आज एकाच फॉण्टात आहेत.

त्या दुकानदाराचा लोगो शेवटी जुन्या बिलबुकाच्या कव्हरवर सापडला. स्कॅन करून पोराने त्यावरून पुन्हा रेषा ओढल्या, तीन तास गेले. निघताना मी त्याला पेनड्राईव्ह घ्यायला लावला. त्यावर स्केचपेनने दुकानाचं नाव लिहून त्याने तो गल्ल्यात टाकला आहे.